मिस्त्रीच्या वंगणाची डबी

मी एक डबी बोलतेय. पत्र्याची, गोल, तळहातावर मावेल एवढी. कडेला अंगठ्यानं दाबलं की माझं झाकण उघडतं, आणि आत वंगण असतं. शिवणयंत्राचं किंवा सायकलचं वंगण वेगळं. माझ्यातलं ठासणीच्या बंदुकीचं.

अशी बंदूक आता फारशी कुणाच्या पाहण्यात नसते, म्हणून आधी सांगते. तिच्या नळीच्या तोंडातून दारू ओततात. मग तोंडावर कापडाची चकती ठेवायची, चकतीवर शिशाची गोळी, आणि लांब लाकडी गजानं गोळी चकतीसकट पार तळापर्यंत दाबत न्यायची, दारूला टेकेपर्यंत. ती चकती वंगणात घोळलेली असते. दारू जळली की नळीत काजळीचा थर बसतो. वंगण चांगलं असेल तर तो थर मऊ राहतो आणि पुढची गोळी सुखानं खाली जाते. वंगण वाईट असेल तर काय होतं, ते सांगायलाच मी आज बसले आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एका दणक्यात पत्र्याची वाटी झाली, दुसऱ्या दणक्यात झाकण. मग माझ्यात खोकल्याच्या गोळ्या भरल्या. बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला विकत घेतलं. त्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांनी गोळ्या चघळून संपवल्या, मला गरम पाण्यानं धुतलं आणि वंगणानं भरलं. खोकला काही गेला नाही, पण मला आयुष्यभराचं काम मिळालं.

उस्तादांच्या हाताखाली एक शांत माणूस शिकायचा. उस्ताद गेल्यावर दुकान त्याच्याकडे आलं आणि दुकानाबरोबर मीही. तोच आमचा मिस्त्री. आता तोही म्हातारा झालाय. शाळा फार शिकलेला नाही, पण पोलादाला हात लावला की त्याला त्याचं दुखणं कळतं. बोलतो इतकं हळू की गिऱ्हाईक पुढं वाकून ऐकतं. त्याची बायको म्हणते, "तुमचं एक वाक्य संपेपर्यंत माझं दूध उतू जातं."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक लांब बाक, त्यावर काम घट्ट पकडून ठेवणारा शेगडा, भिंतीला कानशी आणि खिडकीच्या फळीवर मी. मागच्या दारातून स्वयंपाकघर दिसतं. वंगण करायचं ते मात्र स्वयंपाकघरातच, कारण चूल तिथं आहे. त्यावरून दर वेळी एकच भांडण.

"माझं पातेलं नाही मिळायचं," बायको म्हणायची.

"जुनं दे."

"जुनं तुम्ही मागच्या वर्षीच नेलंत. आता उरलंय ते नवंच आहे."

शेवटी पातेलं मिळायचं. एका मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं पातेलं. आच थेट लागू द्यायची नाही, नाहीतर चरबी करपते. दोन वाट्या बकऱ्याची चरबी, दोनदा वितळवून गाळलेली. तिला मिठाचा कण लागता कामा नये, कारण मीठ नळीला गंज आणतं. एक वाटी मधमाशांचं मेण. वर चार चमचे एरंडेल, थंडीत पाच. सगळं एकजीव झालं की लाकडी काडीनं एक थेंब गार पोलादी पट्टीवर टाकायचा. थेंब थिजला, नखानं खरवडला की साल निघाली आणि बोटावर लगेच मऊ झाली, की झालं. मग माझं पोट भरायचं. गरम वंगण पोटात पडलं की माझा पत्रा टिकटिक आवाज करायचा. मिस्त्री ऐकून हसायचा.

मेण खरं आहे का, हे पाहायच्या उस्तादांनी तीन रीती शिकवल्या होत्या. नखानं ओरखडा, दातानं चावणं आणि नाकानं वास. मिस्त्रीचे दात गेले, कवळी आली, तेव्हा चावायची रीत गेली. ओरखड्यावर त्याचा कधी पुरता भरवसा नव्हता, कारण भेसळीचं मेणही नखाला फसवतं. राहिलं नाक. पण नाक असं की गिऱ्हाईकानं बंदूक बाकावर ठेवली की हा नळीच्या तोंडाशी वाकायचा आणि म्हणायचा, "तीन दिवस पुसलेली नाही." गिऱ्हाईक मान खाली घालायचं. रोज सकाळी दुकान उघडलं की तो माझं झाकण काढायचा, वास घ्यायचा, चरबी खवट झाली नाही ना बघायचा आणि मग कामाला लागायचा.

या थंडीत मिस्त्रीला ताप आला. आठ दिवस अंथरुणात होता. नवव्या दिवशी दुकानात आला, माझं झाकण काढलं, नाकाशी धरलं. मग परत धरलं. बोटानं थोडं वंगण घेऊन थेट नाकपुडीला लावलं. बराच वेळ तसाच उभा राहिला. मग झाकण लावलं आणि मला जागेवर ठेवलं. 

मला कळलं. त्याचं नाक गेलं होतं.

त्यानं कुणालाच सांगितलं नाही. का, ते घरातलं बोलणं ऐकणाऱ्याला उघड होतं. वर्षभर बायको मागं लागली होती: हात कापतो, डोळ्यांना दिसत नाही, आता पुरे करा. मिस्त्री दर वेळी म्हणायचा, "नाक आहे ना अजून." आता तेही नाही म्हटलं, तर बाकावरून उठावं लागणार. तो बाक सोडून त्याला दुसरीकडे कुठं बसताच येत नाही. पाहुणा म्हणून कुणाकडे गेला तरी खुर्चीत अवघडून, हात मांडीखाली घालून बसतो.

आता त्याच्या मुलीबद्दल सांगते. ती शिंपीण आहे, पलीकडच्या गल्लीत तिचं शिवणाचं दुकान आहे. लहानपणापासून बाकाशी उभी राहून वाढली, म्हणून तिला बंदुकीचा नाद. जुन्या बंदुकांच्या नेमबाजीच्या स्पर्धा होतात, त्यात ती सहा वर्षं उतरतेय. चकत्या ती स्वतः कापते, जाड सुती कापडाच्या, एकसारख्या. वंगण अण्णांचं. ती वडिलांना अण्णा म्हणते. मैदानावर कुणी विचारलं, "बाई, तुम्ही मध्ये नळी का पुसत नाही?" तर ती म्हणायची, "अण्णांच्या वंगणाला पुसावं लागत नाही." इतर लोक दर दोन बारांनी नळी पुसत बसायचे. ती तेरा बार सरळ काढायची.

वसंतातली स्पर्धा जवळ आली. नवं वंगण करायचं होतं. मेण आणून देणारा मधवाला परगावी मुलाकडे राहायला गेला होता. मिस्त्री बाजारात गेला आणि दुकानातून मेणाची पिवळी वडी घेऊन आला. बाकावर बसून तिच्याकडे बघत राहिला. नखानं ओरखडा काढला. भुगा पडला, बरा पडला. मग वडी नाकाशी नेली. रिकामाच श्वास आत ओढला. पुन्हा ओढला. दारात मुलगी येऊन उभी राहिली होती.

"चांगलं आहे का, अण्णा?"

मिस्त्री जरा वेळ गप्प राहिला. तो नेहमीच उशिरा उत्तर देतो, म्हणून तिला काही वावगं वाटलं नाही.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

मी फळीवर होते. वडीत अर्धं मधमाशीचं होतं आणि अर्धं मेणबत्तीचं. ती रात्रभर माझ्या शेजारीच पडून राहिली, आणि मला तिची सगळी जात कळली. पण त्या वेळी मला कुठली वाचा.

दुसऱ्या दिवशी चुलीवर पातेलं चढलं. बायको नाकाला पदर लावून आली, आणि मग तिनं पदर खाली घेतला.

"या खेपेला वास कमी मारतोय," ती म्हणाली. "बरं झालं बाई."

मिस्त्रीची काडी पातेल्यात थांबली. तो वाफेवर वाकला. डोळे मिटले. मला वाटलं, आता सांगेल.

"चरबी ताजी आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा ढवळू लागला.

मला भरलं तेव्हा पत्रा टिकटिकला, पण त्यानं ऐकलं नाही. तो खिडकीबाहेर बघत होता. संध्याकाळी मागच्या मोकळ्या जागेत त्यानं मुलीला दोन बार काढून बघायला लावले. दोन्ही गोळ्या छान गेल्या. दोन बारांत काही कळत नसतं. मेणबत्तीचं मेण दारूच्या आगीत सापडलं की त्याचं डांबर होतं, पण ते थर धरायला सहा-सात बार लागतात. मिस्त्रीला हे ठाऊक होतं. त्या रात्री तो नीट जेवला नाही, असं सकाळी बायको सांगत होती.

स्पर्धेचा दिवस उजाडला. मोकळं मैदान, समोर मातीचा बांध, त्याच्या पायथ्याशी कागदी लक्ष्यं. अलीकडे टेबलांची रांग, एकेका टेबलाशी एकेक नेमबाज. मागे दोरी बांधलेली, दोरीमागे बघणारे. नियम दोन. अर्ध्या तासात तेरा बार. आणि दोरीमागच्या कुणीही नेमबाजाशी बोलायचं नाही, बोललं तर त्या नेमबाजाचं नाव खोडतात. धोका दिसला तर मात्र मैदानाच्या प्रमुख बाईंना सांगायचं. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती. शिट्टी वाजली की सगळ्यांनी बार थांबवून बंदूक खाली ठेवायची.

मुलीनं मला टेबलावर उघडून ठेवलं. डावीकडे चकत्या, उजवीकडे गोळ्या. मिस्त्री दोरीमागे उभा होता, कोटाची सगळी बटणं लावून.

पहिले चार बार झकास. गज सरसर खाली जात होता. तिचे हात गजावर तीनदा बदलायचे. वर धरून दाबायचं, हात वर न्यायचा, पुन्हा दाबायचं, पुन्हा हात वर, शेवटचं दाबणं, आणि गज थांबायचा. गजावर तिनं चाकूनं एक खूण केलेली होती. गोळी तळाला टेकली की खूण बरोबर नळीच्या तोंडाशी यायची.

पाचव्या बाराला गज जरा कुरकुरला. सहाव्याला तिनं खांदा लावला. सातव्याला गज बाहेर काढला तेव्हा त्याच्या टोकाला काळं, चिकट काहीतरी लागलं होतं. तिनं ते फडक्यानं पुसलं, फडकं चिकटलं. माझ्याकडे एकदा बघितलं. घड्याळाकडे बघितलं. नळी पुसायला घेतली तर पाच मिनिटं जाणार, आणि अण्णांच्या वंगणाला तर पुसावं लागत नाही. तिनं पुढची चकती माझ्यात घोळली.

आठवा. नववा. आता तिच्या कपाळावर घाम होता. गजावरचं काळं तिच्या हातांना लागलं, हातांचं पुन्हा गजाला, आणि ती चाकूची खूण त्या काळ्यात बुडून गेली. तिला ते दिसलं नाही. मला दिसलं. मी टेबलावर उघडी पडून होते आणि माझ्याच पोटातलं ते सगळीकडे लागत होतं.

शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला आपले बार संपवून दोरीमागे आला. मिस्त्रीचा जुना ओळखीचा. मिस्त्रीच्या कानाशी वाकून म्हणाला, "काय मिस्त्री, आज वाढदिवस कुणाचा?"

"का?"

"तुमच्या पोरीच्या टेबलाशी मेणबत्त्या फुंकल्यासारखा वास येतोय. मला वाटलं, केक मिळतोय की काय."

मिस्त्री हसला. सवयीनं हसला, आणि हसू तोंडावरच राहिलं. त्यानं हवेत नाक उचललं. मोठा श्वास घेतला. धुरानं मैदान भरलेलं, आणि त्याला त्यातलं काहीही येत नव्हतं.

"मेणबत्ती?" तो म्हणाला. "नक्की?"

"नाक आहे की मला."

टेबलाशी मुलगी दहाव्या बाराची गोळी दाबत होती. मिस्त्रीच्या डोळ्यांना खूण दिसणं शक्य नव्हतं, गजही धूसर. पण तिचे हात दिसत होते. एकदा बदलले. दोनदा बदलले. तिनं सगळं अंग गजावर टाकलं, पायाच्या चवड्यांवर उभी राहिली. गज हलला नाही. तो घट्ट थांबला होता, तळाला टेकल्यावर थांबतो तसा. तिनं तो ओढून काढला आणि बाजूला ठेवला.

हात तिसऱ्यांदा बदललेच नव्हते.

गोळी मधेच अडकली होती. खाली दारू, वर गोळी, मध्ये रिकामी जागा. अशा वेळी बार काढला तर गोळी बाहेर जायच्या आधी नळी फुगते, आणि कधी फाटते. नळीखाली नेमबाजाचा डावा हात असतो. शिंपिणीचा डावा हात, जो कापड पुढं सरकवतो.

तिनं टोपी बसवली. म्हणजे आगीची छोटी तांब्याची टोपी, घोड्याखाली बसते ती. बंदूक उचलली.

"थांब," मिस्त्री म्हणाला. त्याच्या शेजारच्यालाही ते नीट ऐकू आलं नाही. सत्तर वर्षांत तो कधी मोठ्यानं बोललेला नव्हता, आणि आता गळ्याला ते येईना. तिनं दस्ता खांद्याला टेकवला. गाल लाकडावर ठेवला.

मिस्त्री दोरीच्या कडेनं धावला. त्याला धावता येतं हे मला माहीत नव्हतं. प्रमुख बाई चार पावलांवर उभ्या होत्या. त्यानं त्यांचं मनगट धरलं.

"शिट्टी फुंका."

"काय झालं, काका?"

एवढंच बोलून काम भागलं नसतं. बाईंना कारण हवं होतं, आणि मुलीचं बोट चापावर गेलं होतं.

"माझं वंगण खोटं आहे," मिस्त्री म्हणाला, आणि या वेळी ते दोरीपलीकडेसुद्धा ऐकू गेलं. "मला वास येत नाही. थंडीपासून येत नाही. पोरीची गोळी अडकलीय, फुंका."

शिट्टी वाजली.

मी तिच्या बोटाकडे बघत होते. ते चापावर वाकलं होतं. शिट्टी कानात शिरायला आणि बोटापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, मला सांगता येणार नाही. बोट सरळ झालं. तिनं नळी बांधाकडेच ठेवून घोडा हळूच उतरवला, टोपी काढली आणि बंदूक टेबलावर ठेवली. मग मागं वळली. चेहरा काळा, डोळे लाल.

"कुणी थांबवलं?"

 प्रमुख बाई आल्या. गज घेऊन फडक्यानं खसखसून पुसला, तेव्हा खूण वर आली. गज नळीत सोडला. खूण नळीच्या तोंडापासून एक वीतभर वर राहिली.

 मुलगी त्या वीतभर लाकडाकडे बघत राहिली. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. मग दोरीकडे.

तिचं नाव त्या दिवशी निकालात आलं नाही. टोपीखालच्या भोकातून पाणी सोडून दारू भिजवली, मग गोळीत स्क्रू रोवून ती ओढून काढावी लागली, त्यातच दुपार गेली. घरी येताना गाडीत मी तिच्या पिशवीत होते. 

"थंडीपासून," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मी विचारलं होतं. दारात उभी राहून विचारलं होतं, चांगलं आहे का."

"हो."

"हो काय, अण्णा."

मिस्त्रीनं हात मांडीखाली घातले.  बोलण्यासारखं होतं ते मैदानावर बोलून झालं होतं.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. रागावेल असं मला वाटलं होतं. ती खाली बसली, मुलीचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट दाबून पाहिलं. मग म्हणाली, "उद्यापासून ते दुकान उघडायचं नाही." मिस्त्री म्हणाला, "बरं." इतक्या लवकर त्यानं कधीच कुणाला उत्तर दिलं नव्हतं.

मला उकळत्या पाण्यात सोडा घालून तीनदा घासलं. दुकानाचं दार तीन दिवस बंद राहिलं. मिस्त्री स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून असायचा. बायकोच्या पायात यायचा. ती म्हणायची, "जरा सरका," आणि तो सरकायचा, आणि तिलाच मग कसंतरी व्हायचं.

चौथ्या दिवशी मुलगी आली. दुकानाची कडी तिनंच काढली. बाकावर कागदात गुंडाळलेल्या तीन वड्या ठेवल्या, तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या. राग गेलेला नव्हता, ते तिच्या वड्या आपटण्यावरून कळत होतं.

"या इथं," ती म्हणाली. "बसा. खऱ्या मेणाला कसा वास येतो, ते मला सांगा."

मिस्त्री आला, बाकावर बसला. "सांगून कसं कळेल?"

"मला वेळ आहे."

तो विचार करत राहिला. दूध उतू जाईल इतका वेळ. "उन्हात तापलेली लाकडी पेटी असते ना," तो म्हणाला. "तिच्यात कुणीतरी फुलं ठेवून विसरलंय. सुकलीत. थोडा धूर आहे, लांबचा. आणि शेवटी, घशाच्या अलीकडे, गोड."

तिनं पहिली वडी उचलली. "ही नव्या रेनकोटासारखी आहे."

"बाजूला ठेव."

दुसरी. "हिला काहीच नाही."

"बाजूला."

तिसऱ्या वडीला तिनं फार वेळ लावला. मग आईला हाक मारली. आई पदराला हात पुसत आली. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणत वडी नाकाशी धरली, आणि पुन्हा एकदा धरली.

"फुलं आहेत," ती म्हणाली. "पण मागं काहीतरी तेलकट आहे."

"मलाही तसंच वाटलं," मुलगी म्हणाली.

मिस्त्रीनं वडी हातात घेतली. नखानं ओरखडा काढला. भुगा अगदी हवा तसा पडला. माझं आयुष्य त्याच्याजवळ गेलंय, त्याला ती वडी आवडली होती हे मला कळत होतं. त्यानं दोघींकडे पाहिलं.

"नाही म्हणता?"

"नाही, अण्णा."

त्यानं वडी बाजूला ठेवली, बाकीच्या दोन वड्यांशेजारी. मग भिंतीवरची कानस काढली आणि एका गिऱ्हाईकाचा अर्धा राहिलेला घोडा शेगड्यात धरला. बायको दारात उभी होती. दुकान बंद करा, असं ती या वेळी म्हणाली नाही. पातेलं बघायला आत गेली.

तर मी अशी आहे सध्या. रिकामी, घासलेली, झाकण उघडं टाकून खिडकीत पडलेली. माझ्या पोटात पहिल्यांदाच कशाचाही वास नाही. खरं मेण मिळायला आठवडा लागेल, कदाचित महिना, आणि मला भरायची या घरात कुणाला घाई नाही.

तुम्हाला एकच सांगते. माझ्यात काय भरलंय हे मला ठाऊक होतं आणि मी पत्र्याची, मला बोलता आलं नाही. तुम्हाला जीभ आहे. आपल्यातलं काही गेलं असेल, हात, डोळे, नाक, काहीही, तर ते घरात बसूनच सांगून टाका, हळू आवाजात सांगितलं तरी चालतं. मैदानावर ते फार मोठ्यानं सांगावं लागतं.